खोडलेल्या ओळींचा इतिहास

इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न आमच्यासाठी कधीच केवळ पांडित्याचा नव्हता. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी लिहिले. आमच्या पिढ्यांची नोंदच झाली नाही. शिक्षणातील ‘विकी’ या साधनाकडे मी याच प्रश्नाच्या अंगाने पाहतो.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. वाचणाऱ्यालाच पानावर लिहिता यावे, दुसऱ्याचे लिहिलेले सुधारता यावे, एवढीच मूळ कल्पना. थोड्याच वर्षांत जॉर्जिया टेक विद्यापीठात मार्क गझडायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्गात आणली. इंग्रजीच्या, वास्तुशास्त्राच्या वर्गांत विद्यार्थी एकमेकांच्या पानांवर लिहू लागले. विज्ञान-अभियांत्रिकीच्या काही वर्गांत मात्र पाने कोरीच राहिली. कारण तिथे गुणांच्या स्पर्धेने सोबती प्रतिस्पर्धी झाला होता.

यात नवल ते काय? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा खुलेपणा म्हणजे समता नव्हे.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला; मराठी विकिपीडिया २००३ साली. तिथेही लिहायला कुणाला मज्जाव नाही, पण विधानाला प्रकाशित, विश्वसनीय आधार मागतात. नियम वाजवी आहे. परंतु ज्यांचा इतिहास ओव्यांत, जलशांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींत राहिला, त्यांनी आधार कुठून आणायचा? याचे उत्तर आमच्याच दोन लेखिकांनी विकीच्या आधी दिले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या; १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. तोंडी आठवण आधार बनली ती अशी.

विकीचा आणखी एक गुण मला मोलाचा वाटतो. पानावरची ओळ खोडली तरी ती जुन्या आवृत्तीत सहसा शिल्लक राहते. कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी खोडली, हेही राहते. आम्हांला खोडणाऱ्यांनी अशी नोंद कधी ठेवली नव्हती.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे : मुलांना आधी वस्तीत पाठवा. आजीला विचारू द्या, लिहू द्या, तपासू द्या. ते छापून आणा. मग विकीवर बसवा. कुणी त्यांची ओळ खोडलीच, तर आधार दाखवून ती पुन्हा लिहायला शिकवा. आमच्या मुलांना हे शिक्षण अजून मिळायचे आहे.