चित्रांचे बोट धरून वाचनाकडे

अक्षरओळख झाली की अनेक घरांतून चित्रांची पुस्तके हद्दपार होतात. ‘आता मोठा झालास’ असे बजावून मुलाच्या हाती भरगच्च मजकुराचे पुस्तक दिले जाते. मात्र पहिली-दुसरीतील मुलाची बरीचशी शक्ती अक्षरे लावण्यातच खर्ची पडते. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जातो आणि गोष्ट हातातून निसटते. त्या वेळी कथेचा धागा चित्र धरून ठेवते. तो आधार अकाली काढून घेतला, तर वाचन म्हणजे शिक्षा अशी मुलाची समजूत होण्याचा धोका असतो.

अर्थात, चित्रे आहेत म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही. बाजारातील चकचकीत पुस्तकांत चित्र बहुधा मजकुराची नक्कल करते. शब्दांनी न सांगितलेले चित्राने सांगावे, ही खरी कसोटी. मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तके या कसोटीला पुरेपूर उतरतात. ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचातील लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. त्यातील घर आपल्या शेजारचे वाटावे इतके ओळखीचे आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाचेच त्यांचे ‘चित्रवाचन’ मुलांना चित्रांवरून बोलते करते. घाई न करता, मुलाला बोलू देत ते पाहावे.

चित्रकथा वाचणे हेही एक कौशल्य आहे. चौकटींचा क्रम, संवादाचे फुगे आणि दोन चौकटींमध्ये न दाखवलेली घटना यांचा मेळ मुलाला मनातल्या मनात घालावा लागतो. त्याची सुरुवात रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’पासून (१९७८) करावी. त्यात कथेला एकही शब्द नाही. त्यामुळे इंग्रजी न येणारी आजीही नातवासोबत ते ‘वाचू’ शकते! पुढची पायरी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ची. १९९१ मध्ये वृत्तपत्रातून अवतरलेल्या या मालिकेचे संग्रह निघाले आहेत. मोजक्या चौकटी, घरगुती मराठी आणि शेवटी हमखास हशा, यांमुळे पुस्तकापासून पळणारी मुलेही तेथे रेंगाळतात.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने अनेक पिढ्यांना पुराण आणि इतिहासाची गोडी लावली. राम वाईरकर यांच्या कुंचल्याचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र गोरा तो नायक आणि काळा तो राक्षस, या त्यातील रंगसंगतीवर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. पुस्तक नाकारण्याचे कारण नाही. मुलांशी त्याविषयी बोलावे. चौथीच्या सुमारास इंग्रजी सरावाचे झाले, की ‘टिनटिन’ आणि ‘अ‍ॅस्टेरिक्स’ यांची दारे उघडतात. ‘टिनटिन’मधील काँगोची सफर तेवढी टाळावी. तिच्यातील आफ्रिकी माणसांचे चित्रण आज वाचवत नाही.

पुस्तकांच्या किमती अनेकांना परवडत नाहीत. त्यांच्यासाठी नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील स्वस्त पुस्तके आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात. त्या चार पातळ्यांत विभागल्या आहेत. मुलाच्या इयत्तेपेक्षा एक पातळी खालून सुरुवात केलेली बरी.