प्रकाशतीव्रता आणि आक्रमक वनस्पती

परमुलखातून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या (आक्रमक) आणि मूळच्या (स्थानिक) वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात उपलब्ध प्रकाशानुसार पडणारा फरक. दोन्हींची मूळ यंत्रणा एकच. फरक असतो तो पानाच्या घडणीत आणि ते पान वर्षातला किती काळ काम करते यात.

भर दुपारी उघड्यावर दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे 2,000 मायक्रोमोल फोटॉन पडतात. घनदाट सदाहरित रानाच्या तळाशी त्यांतले एकदोन टक्केच उतरतात, तेही बरेचसे कवडशांच्या रूपाने. ज्या उजेडात पानाने घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड श्वसनात सोडलेल्याइतकाच भरतो, तो समतोल बिंदू. त्याखाली पान तोट्यात जाते. उजेड वाढत गेला की संश्लेषणाचा वेगही वाढतो, मात्र संपृक्ततेपाशी ही वाढ थांबते. उन्हातले पान जाड आणि प्रथिनांनी भरलेले असल्याने त्याची कमाल क्षमता मोठी असते, पण श्वसनाचा खर्चही तसाच. सावलीतले पान पातळ व काटकसरी. दोन्ही गुण एका पानात पुरेपूर सापडत नाहीत.

सह्याद्रीत रस्त्याकडेला, तोडलेल्या रानात माजणारी रानमोडी (क्रोमोलिना ओडोरॅटा) ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली आणि उन्हाची लोभी. गच्च सावलीत ती तग धरत नाही. नाव रानमोडी असले, तरी रान बहुधा आधी दुसऱ्याच कोणी मोडलेले असते. हवाई विद्यापीठातील कर्टिस डेलर यांनी 2003 मध्ये अनेक तुलनात्मक अभ्यास एकत्र तपासले. आक्रमक जाती सर्वत्र सरस ठरत नाहीत, आणि प्रकाश, पाणी किंवा पोषकद्रव्ये तुटपुंजी असतील तिथे स्थानिक जाती अनेकदा बरोबरी करतात किंवा पुढे जातात, असे त्यांना आढळले.

हा नियम मोडणाऱ्या जाती अधिक विचार करायला लावतात. हवाई बेटांवर ब्राझीलहून आलेला स्ट्रॉबेरी पेरू, म्हणजे आपल्या पेरूचीच भावकी, सावलीतही रुजतो आणि स्वतःच्या दाट जाळीने खालच्या स्थानिक रोपांचा उजेड तोडतो. मका-उसासारखे सी-4 पद्धतीचे संश्लेषण करणाऱ्या वनस्पती सहसा उन्हात शोभतात. पण तीच पद्धत असलेले आशियाई गवत मायक्रोस्टेजियम व्हिमिनियम अमेरिकेतील जंगलांच्या सावलीत पसरले आहे. तेथे ते प्रथम 1919 मध्ये टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे नोंदले गेले.

काही जाती सावली सोसण्याऐवजी टाळतात. अमेरिकेच्या पानगळी जंगलांत परकी हनिसकल झुडपे वरच्या झाडांना पालवी फुटण्याआधीच हिरवी होतात आणि त्या झाडांची पाने झडल्यावरही काही काळ हिरवी राहतात. भरउन्हाळ्यात मोजलेल्या संश्लेषणाच्या वेगात ही कमाई दिसत नाही, म्हणून एकाच ऋतूतल्या मोजमापावरची तुलना फसवी ठरते.

निर्मूलनाचा मार्गही यावरूनच ठरतो. रानाचे छत पुन्हा मिटू दिले की रानमोडी मागे हटते; स्ट्रॉबेरी पेरूवर मात्र ही मात्रा लागू पडत नाही.