तेजीतील विक्री : वायदा की कॉल?

एखाद्या मालाचा अथवा समभागाचा भाव वाजवीपेक्षा फार चढला आहे, असे ज्याला वाटते त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. हाती माल नसताना आजच्या भावाने विकायचे व भाव उतरल्यावर खरेदी करून सौदा मिटवायचा, हे शॉर्ट सेलिंग. ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, दुसऱ्यास विकून त्याचा प्रीमियम घ्यायचा, हा दुसरा मार्ग.

कळंबसारख्या सोयाबीनच्या बाजारपेठेला यातील फरक २०२१ च्या तेजीवरून चटकन उमगावा. २०२०-२१ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. एप्रिल २०२१ मध्ये भाव ७,००० च्या पुढे गेला. भाव फुगला आहे, हा मंदीवाल्यांचा कयास चुकीचा नव्हता. मात्र ऑगस्टच्या आरंभी वायदा १०,००० रुपयांवर पोहोचला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस मुभा दिली आणि ऑक्टोबरात नवा माल येताच भाव ६,००० च्या खाली आला. कयास खरा ठरला, पण तोवर टिकायचे कोणी? ७,००० ला वायदा विकणाऱ्यास १०,००० च्या भावाला क्विंटलमागे ३,००० रुपयांचा तोटा दिसत होता आणि त्याची मार्जिन रोजच्या रोज भरावी लागते. ती न भरल्यास दलाल सौदा कापतो. पुढच्या घसरणीचा मग काही उपयोग नाही.

त्याच वेळी ७,५०० चा कॉल ३०० रुपये प्रीमियमने विकला असता असे मानू. भाव १०,००० झाल्यास तोटा २,२०० रुपये, म्हणजे थोडाच कमी. भाव ५,५०० वर आल्यास मात्र वायदा विकणाऱ्याला १,५०० रुपये मिळतात, कॉलवाल्याला तेच ३००. भाव जागीच राहिला तर ते ३०० त्याचेच, हा त्याचा खरा लाभ. कॉलविक्रीला घरबसल्या भाडे म्हणण्याची पद्धत आहे. या भाड्यात घर जाण्याची जोखीम असते, हे सहसा सांगितले जात नाही.

गोदामात माल असलेल्या शेतकऱ्याचे गणित निराळे. त्याने कॉल विकला तर तेजीत त्याला फार तर ७,८०० रुपये पडतील, खिशातून काही जाणार नाही. घसरणीपासून संरक्षण हवे असेल तर ठरल्या भावाने विकण्याचा हक्क देणारा पुट विकत घेणे हेच सरळ.

२० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे नवे वायदे थांबवले. जुने सौदे मिटवण्यापुरती मुभा ठेवली. ही एक वर्षाची बंदी पुढे अनेकदा वाढवण्यात आली.