ट्रॉली उलटण्याआधीचे अठरा तास

दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेला लागायचं. जीपगाडीत तंबू, पाणी, इंधन आणि शिधा घेऊन देशोदेशी फिरणारे हौशी प्रवासी कोणती वस्तू गाडीत कुठे ठेवायची याचा आराखडा कागदावर आखतात. जड सामान तळाशी आणि दोन एक्सलच्या मध्ये, पाण्याची टाकी शक्य तितकी खाली, छतावर फक्त हलकं. गाडी काट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं मोजतात. जालना जिल्ह्यातली ऊसतोड टोळी त्यांच्याहून कितीतरी जास्त सामान आणि वर लहान लेकरं घेऊन निघते. तिच्या सामानाचा आराखडा कोणीच करत नाही.

पुढचा घटनाक्रम कुठल्या एका अपघाताचा पंचनामा नाही. तो नमुना म्हणून मांडला आहे. टोळी आणि वेळा योजलेल्या आहेत, पण चुकांचा क्रम आणि त्यामागचं गणित खरं आहे.

१८ तास आधी : सकाळी ११

तांड्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक जोडलेल्या दोन दोनचाकी ट्रॉल्या. टोळी सात कोयत्यांची, म्हणजे सात जोडप्यांची. सोबत नऊ मुलं आणि मुलांना सांभाळायला दोन म्हाताऱ्या. मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे लिहिलेली आहे, म्हणून वहीत सात असा आकडा आहे. ट्रॉलीत मात्र २५ जीव आणि एक ड्रायव्हर जाणार आहे.

घरात तयार असेल ते आधी चढतं. कोपीचे बांबू, ताडपत्र्या, गोधड्यांची गाठोडी, भांड्यांची पोती, पत्र्याच्या पेट्या. सगळं फुगीर आणि हलकं. दुपारपर्यंत पुढच्या ट्रॉलीचा तळ भरून जातो. ज्वारी अजून आलेली नाही आणि पीठ गिरणीत आहे.

पहिली चूक इथे झाली. जे जड आहे त्याच्यासाठी तळ मोकळा ठेवायला हवा होता. ज्या क्रमाने सामान आलं, त्याच क्रमाने ते चढलं.

१५ तास आधी : दुपारी २

धान्य आलं. पन्नास-पन्नास किलोची बारा पोती, म्हणजे ६०० किलो. ती गोधड्यांवर रचली गेली. ड्रायव्हरने फाळक्यावर हात ठेवून वर पाहिलं.

“मुकादम, पोती लई वर गेली. खालचं काढून पुन्हा भरू.”

“आता कोण उपसतं समदं? दोर आवळ आन् चल.”

या दोन वाक्यांमध्ये किती वेग गमावला, ते मोजता येतं. ट्रॉलीच्या दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरा, त्याचं निम्मं ०.८. सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून १.१ मीटरवर असेल, तर २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही ट्रॉली ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास उलटते. तोच मध्य १.८ मीटरवर गेला की ३७ ला उलटते. हेही कागदावरचं गणित. प्रत्यक्षात बाहेरच्या अंगाचे टायर दबतात, माल त्याच अंगाला सरकतो, गावाकडच्या रस्त्याचा उतारही वळणावर अनेकदा बाहेरच्या बाजूला असतो. मग तिशीच्या आतला वेगसुद्धा पुरतो.

दोर आवळल्याने माल पडायचा थांबतो, पण वर गेलेलं वजन वरच राहतं.

११ तास आधी : संध्याकाळी ६

वाटेत हाताशी असावेत म्हणून पाण्याचे दोनशे लिटरचे दोन ड्रम पुढच्या ट्रॉलीच्या अगदी शेवटी, फाळक्याजवळ ठेवले. नुसतं पाणीच ४०० किलो.

दोनचाकी ट्रॉली तराजूसारखी असते. एक्सल हा काटा, पुढे हूक, मागे फाळका. एक्सलच्या पुढे ठेवलेलं वजन हूक खाली दाबतं, मागे ठेवलेलं हूक वर उचलतं. हूक एक्सलच्या तीन मीटर पुढे आणि ड्रम १.२ मीटर मागे असतील, तर ४०० किलो पाणी हुकावरचा १६० किलो भार काढून घेतं. भर म्हणून दुसऱ्या ट्रॉलीचं तोंड पहिलीच्या शेपटावर टेकलेलं आहे. तिने एक्सलच्या दीड मीटर मागे २०० किलोचा दाब दिला, की हूक आणखी १०० किलोने हलका होतो.

हुकावरचा हाच दाब ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमीन धरायला लावतो. ब्रेक त्याच चाकांना असतात. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतातच. म्हणजे ड्रम मागे गेले आणि ब्रेकची पकड सुटली, हा सरळ संबंध आहे. ड्रम एक्सलच्या थोडे पुढे, तळाशी आणि काठोकाठ भरून ठेवले असते तर हेच पाणी उपयोगी पडलं असतं. अर्धवट ड्रममधलं पाणी वळणावर बाहेरच्या अंगाला धावतं आणि ट्रॉलीला नेमक्या नको त्या क्षणी धक्का देतं.

८ तास आधी : रात्री ९

ट्रॅक्टरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मग माणसं चढली. पोत्यांवर गोधडी, गोधडीवर बायका, बायकांच्या मांडीवर लेकरं. कडेला चार शेळ्या. एका आईने धाकट्याची झोळी वरच्या आडव्या बांबूला बांधली.

सोळा मोठी माणसं आणि नऊ मुलं असा हिशेब कोणी केला नाही. ड्रायव्हर सोडला तर चौदा कोयतेकरी, दोन म्हाताऱ्या आणि मुलं मिळून जवळजवळ एक टन भरतो. या प्रवासातला सगळ्यात मोठा भार माणसांचा आहे आणि तो सगळ्यात वर बसला आहे. तो हलतो, झोपतो, एका अंगाला कलतो. ट्रॉली उलटली की आधी माणसं खाली पडतात आणि मग माल त्यांच्यावर येतो.

हे याआधी घडलेलं आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा, लोखंडी सळया भरलेला टिप्पर उलटला. सळयांवर बसून निघालेले १३ मजूर गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसलेले किमान १५ मजूर मेले. एकीकडे लोखंड, दुसरीकडे फळं. माल कोणता होता याने फरक पडला नाही. माणसं मालावर होती, म्हणून ती गेली.

५ तास आधी : रात्री १२

पेट्रोल पंपावर डिझेल भरलं. पुढच्या ट्रॉलीचं उजवं टायर बसल्यासारखं दिसत होतं. हवा भरणारा झोपला होता. “उजाडल्यावर बघू,” म्हणून टोळी निघाली. एका अंगाचं टायर दबलं म्हणजे ट्रॉली सरळ रस्त्यावरही त्या अंगाला कललेली राहते. वळणावर कलायचं अंतर तेवढं कमी उरतं.

जालना जिल्ह्यात वजनकाट्याची वाण नाही. मोंढे, जिनिंग, सळईचे कारखाने, सगळीकडे काटे आहेत. पण काट्यावर ट्रॉली जाते ती मालाचं वजन करायला. काटा आणखी पुष्कळ काही सांगू शकतो. आधी ट्रॉलीसकट सगळं वजन घ्यायचं. मग फक्त ट्रॅक्टर काट्यावर ठेवायचा, एकदा ट्रॉली जोडून आणि एकदा सोडून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो एका ट्रॉलीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी भरला, तर मागचं सामान पुढे घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. तो एकूण वजनावर आहे. आपल्या ट्रॉलीचं एकूण वजन मर्यादेतच आहे. तिच्यात ऊस भरला असता तर याहून कितीतरी जास्त भरलं असतं. म्हणून रस्त्यात कोणी अडवलं तरी वजनाच्या नावाने तिला दंड झाला नसता. वजन किती आहे ते ठीक होतं, ते कुठे आहे ते चुकलं होतं.

२ तास आधी : पहाटे ३

परतूर मागे पडलं. खड्ड्यातून गेल्यावर ट्रॉली एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलते आणि झुलणं लवकर थांबत नाही. हूक पिनेवर टेकलेला राहत नाही. वर-खाली आपटतो, त्याचा ठण्ण असा आवाज दर खड्ड्याला येतो. भार नीट असता तर हूक पिनेवर दाबून बसला असता आणि हा आवाज आला नसता.

ड्रायव्हर काल सकाळी सहापासून जागा आहे. त्याने आवाज ऐकला. वर बसलेल्या एका बाईने हाक दिली, “आरं दादा, लई हालतंय, हळू घे.” त्याने वेग कमी केला आणि दहा मिनिटांनी तो पुन्हा वाढला. दुपारच्या आत पोहोचायचं होतं, पुढची टोळी आणायला ट्रॅक्टर परत फिरवायचा होता.

थांबायची शेवटची सोयीची जागा इथे होती. ढाब्याजवळ उभं राहून ड्रम पुढे घेतले असते, वरची सहा पोती मागच्या ट्रॉलीच्या तळाशी टाकली असती, तर तासभर गेला असता.

१० मिनिटं आधी : पहाटे ४:५०

परतूर तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. गावरस्त्यावरचे त्याचे पूल उंचवट्यावर असतात. चढ, अरुंद पूल, उतार आणि उतार संपतो तिथेच वळण.

दोन गोष्टी अजून कोणाच्या ध्यानात नाहीत. ट्रॅक्टरच्या ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्याचं एक. नांगरटीत बांधाशी झटकन वळता यावं म्हणून ती वेगळी ठेवतात आणि रस्त्यावर आणताना कडी घालून जोडतात. रब्बीच्या पेरणीआधी रान नांगरताना काढलेली कडी अजून उघडीच आहे. दुसरी गोष्ट, उताराला डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय. गिअरमध्ये असलेलं इंजिन ट्रॅक्टरला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये धरायला कोणी उरत नाही आणि मागच्या दोन ट्रॉल्या त्याला ढकलू लागतात.

पहाटे ५

पुलावरून खाली येताना वेग तिशीच्या पुढे गेला. वळण दिसताच ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पाय उजव्या पेडलवर पडला. उजवं चाक अडलं आणि ट्रॅक्टर उजवीकडे फिरला. हलक्या हुकामुळे मागच्या चाकांना पकड नव्हती, ती घसरली. पुढच्या ट्रॉलीने ट्रॅक्टरला कोपऱ्यात रेटलं. मग पोती, माणसं आणि पाणी एकाच वेळी बाहेरच्या अंगाला गेली. आतलं चाक जमिनीवरून सुटलं. उलटायला दोन सेकंद लागले.

त्यानंतरचा तास

१०८ ला फोन गेला. अंधारात गाव लवकर सांगता आलं नाही. लोक धावत आले आणि त्यांनी आधी पोती उचलली, कारण खालची माणसं पोत्यांखाली होती.

वर्तमानपत्रात ‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ असं छापून येतं आणि ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो. पण त्याच्या हातात शेवटची दहा मिनिटं होती. आधीचे सतरा तास पन्नास मिनिटं मुकादम, ट्रॅक्टरमालक आणि टोळी नेणारा कारखाना यांच्या हातात होती. या दहा मिनिटांचा जाब जसा विचारला जातो, तसाच त्या सतरा तासांचाही विचारला गेला पाहिजे.

करायचं काम मोठं नाही. माणसं ट्रॉलीत बसवू नयेत. ट्रॉली मालाचं वाहन आहे. टोळीसाठी एसटी करावी आणि तिचं भाडं करारातच लिहावं. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एकाच कारखान्याचे त्यातून ५० लाख होतात. त्या पैशावर पहिला हक्क कामगारांच्या जिवाचा आहे, म्हणून जाण्या-येण्याच्या गाड्यांचा खर्च त्यातून झाला पाहिजे. महिला आणि मुलं या मागणीत सगळ्यात पुढे असावीत.

सामान भरताना धान्य आणि पाणी आधी घ्या. ते तळाशी, एक्सलच्या किंचित पुढे ठेवा. त्यावर पेट्या आणि भांडी, सगळ्यात वर गोधड्या आणि बांबू. मोटारसायकल किंवा ड्रम फाळक्याला लावू नका. निघण्याआधी टायरची हवा बघा, ब्रेकची कडी घाला आणि जवळच्या काट्यावर हुकाचा भार मोजा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. आणि ड्रायव्हर “पोती वर गेली” म्हणाला, तर सगळ्यांनी मिळून ट्रॉली उपसा आणि पुन्हा भरा.