श्वासाला हवेचा टेकू

पत्त्यांचा डाव ऐन रंगात आलेला. हातात तीन एक्के आणि दोन राजे. पोकरमध्ये अशी पानं क्वचितच जुळून येतात. पण ज्याच्या हाती ती आली, तो अमेरिकन व्यावसायिक बसल्या जागी झोपी गेला. वजन 260 पौंडांच्या वर, दिवसभर डोळ्यांवर झापड. या प्रसंगानंतर तो बॉस्टनच्या इस्पितळात आला. 1956 साली डॉ. बरवेल आणि सहकाऱ्यांनी त्याची केस छापली आणि डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोराची आठवण ठेवून नाव दिलं, ‘पिकविकियन सिंड्रोम’. दोष मात्र रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला दिला.

खरं कारण रात्रीत दडलेलं होतं. 1965 मध्ये फ्रान्समध्ये गास्तो आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी झोपलेल्या रुग्णांच्या श्वासाचे आलेख काढले. श्वास पुन्हापुन्हा चक्क थांबत होता.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवेच्या झोताने पडदे थरथरतात, तेच घोरणं. वाट पुरती मिटली की आवाज बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस धाप टाकून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलेला श्वास म्हणजे ॲप्निया. तासाला असे तीस अडथळे आले की आजार तीव्र. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण आपल्याकडे ‘काय गाढ झोपलाय!’ म्हणून कुंभकर्णाच्या पंक्तीला बसवलेल्या कित्येकांना रात्रभर धड झोपच मिळालेली नसते.

तेव्हा खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक. श्वासनलिकेत नळी बसवायची, दिवसा बूच लावायचं, रात्री काढायचं. जीव वाचायचा, पण ते भोक घेऊन जगावं लागायचं.

जून 1980 मध्ये सिडनीत याच शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेला एक रुग्ण डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्या प्रयोगाला तयार झाला. सलिव्हन यांनी आधी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला होता. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि तिचा झोत उलटा, नाकाकडे वळवला. दाब हळूहळू वाढवला. घोरणं थांबलं, श्वास सुरळीत झाला. माणूस रात्रभर झोपला. एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा वृत्तांत आला. लागलेला दाब पाण्याच्या जेमतेम साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका. मिटणाऱ्या घशाला आतून हवेचाच टेकू! वैद्यकातली इतकी साधी आणि दयाळू कल्पना दुसरी नसावी.

सुरुवातीचे मास्क एकेकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री सिलिकॉनने नाकावर चिकटवत. यंत्राचा आवाजही मोठा. तरी लोक ते घरी नेत, कारण सकाळी जाग आल्यावर डोकं हलकं असे.

आज ते यंत्र, म्हणजे सीपॅप, उशाशी मावतं. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन यांनीही काम भागतं. निदानासाठी रात्रभराची तपासणी लागते, पण डॉक्टर आधी शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारतात : घोरता घोरता यांचा आवाज मध्येच एकदम बंद पडतो का?