कावळ्याची नोंद कोण ठेवतो?

“आमच्या लहानपणी चिमण्या किती असायच्या!” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आता माझ्यासारख्या, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या निसर्ग-अभ्यासावर पीएच.डी. करणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकू आलं की लगेच पुढचा प्रश्न सुचतो : किती म्हणजे किती? कुठल्या वाड्यात, कुठल्या साली? आणि ते कुठे लिहून ठेवलंय का?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. आणि त्यात तुमच्या आजीची काही चूक नाही. घरातल्या फोटोमागे काड्या आणून टाकणाऱ्या पक्ष्याची नोंद कोण कशाला करेल? पण इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे यातून एक विचित्र अडचण उभी राहते. जो प्राणी जितका सर्रास दिसतो, तितका तो कागदपत्रांतून गायब असतो.

वाघाचंच बघा. ब्रिटिश काळातल्या दफ्तरांत वाघ भरपूर सापडतो, कारण वाघ मारला की सरकार बक्षीस द्यायचं. बक्षीस दिलं म्हणजे हिशोब आला, हिशोब आला म्हणजे तक्ता आला. जंगली जनावरांनी किती माणसं मारली, सर्पदंशाने किती गेली, याचे वार्षिक आकडे निघायचे. शिवाय साहेब लोकांची शिकारीची पुस्तकं आहेत, जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटिअर आहेत. तिथे वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर सगळे हजर. पण त्याच साहेबाच्या व्हरांड्यात रोज सकाळी येणाऱ्या साळुंकीला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

मग तुम्ही म्हणाल, सरकारी कागद सोडा, आपल्या लोकांकडे बघा. तेही करून पाहावं लागतं. जात्यावरच्या ओव्यांत पक्षी आहेतच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जमवलेल्या ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे जातो. पण त्या ओव्यांतला राघू म्हणजे पुष्कळदा बाईचा मुलगा असतो, आणि मैना म्हणजे तिची लेक. त्यातून माया कळते, पक्ष्यांची संख्या कळत नाही. मराठी पक्षीनावांत मात्र बारीक निरीक्षण साठलेलं आहे. तांब्यावर ठोके पडावेत तसा आवाज काढणारा तांबट, पानं शिवून घरटं करणारा शिंपी, पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा. ही नावं कोणीतरी कान देऊन, मान वर करून ठेवलेली आहेत. फक्त त्या ‘कोणीतरी’ला ना नाव आहे, ना तारीख.

या सगळ्यात एक अपवाद आहे, आणि माझ्या मते तो मराठी वाचकांना असायला हवा तितका माहीत नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म 1851, साताऱ्याचा. वडील स्कॉटिश मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवून 1876 मध्ये तो मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात लागला. मीठ खातं म्हणजे बदल्या : कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचं खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवारकडचा आणि गोव्याच्या हद्दीवरचा भाग. ‘एहा’ या टोपणनावाने तो लिहायचा. नावाची तीन आद्याक्षरं, बस्स. 1883 मध्ये त्याचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर’ आलं. पुस्तकाचं नावच थट्टा आहे. त्या काळात ‘फ्रंटिअर’ म्हटलं की वायव्य सरहद्द, पठाणी टोळ्या आणि लष्करी मोहिमा डोळ्यापुढे यायच्या. एहाची सरहद्द म्हणजे त्याच्या बंगल्याचा उंबरठा, आणि हल्ला करणाऱ्या टोळ्या म्हणजे उंदीर, डास, मुंग्या, पाली, बेडूक, कावळे. गावाला त्याने ‘डस्टीपूर’ म्हटलंय. ते खाराघोडाच, मिठागरं आणि धूळ.

हे पुस्तक विनोदी म्हणून खपलं आणि अजून वाचलं तर हसू येतं. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याची किंमत वेगळी आहे. शिकारीला जायला जिथे फारसं काही नव्हतं अशा गावात अडकलेला एक माणूस घरातल्या घरात काय दिसतं तेवढंच बघत बसला. घरात शिरणारे, घराभोवती राहणारे जीव त्याने ऋतूनुसार, वेळेनुसार, सवयींसकट लिहून ठेवले. पुढे 1900 मध्ये ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ आलं. त्यातला ‘कॉमन’ हा शब्द नीट बघा. दुर्मिळ पक्ष्यांवर कोणीही लिहील. शहरात रोज दिसणाऱ्या पक्ष्यांवर आख्खं पुस्तक काढायचं, हे त्या काळात सरळसाधं काम नव्हतं. (आणि डासांची थट्टा करणाऱ्या या गृहस्थाला गोव्याच्या हद्दीवर डासाची एक नवी जात सापडली. तिला त्याचंच नाव दिलं गेलं : अ‍ॅनॉफिलीस एटकेनी. डासांनी सूड उगवला म्हणायचा.)

पण एहा वाचताना सावध राहा. 1889 मध्ये त्याचं ‘बिहाइंड द बंगलो’ आलं. त्याच थट्टेखोर शैलीत, पण यावेळी विषय प्राणी नव्हते, नोकर होते : बटलर, माळी, धोबी, आया. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की अस्वस्थ व्हायला होतं. पाल न्याहाळणारी नजर आणि माळी न्याहाळणारी नजर एकच आहे. आणि गंमत अशी की बागेत कुठल्या झाडावर कोणाचं घरटं आहे हे ज्याला खरोखर माहीत असण्याचा संभव, तो माणूस म्हणजे तो माळीच. मला हा माणूस आवडतो आणि त्याच वेळी त्याचा रागही येतो. दोन्ही एकत्र ठेवूनच त्याला वापरावं लागतं.

एहाचं पहिलं पुस्तक आलं त्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1883 ला, मुंबईत आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. आपली बीएनएचएस. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात व्हायच्या. एहा पहिला सचिव. आठांपैकी दोघे आपले होते आणि दोघेही डॉक्टर : आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबांचे भाऊ, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. सखाराम अर्जुन म्हणजे औषधी वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. आपल्याकडे या दोघांची नावं समाजसुधारणेच्या धड्यात येतात, पक्षी-प्राण्यांच्या धड्यात कधीच येत नाहीत. सखाराम अर्जुन 1885 मध्ये वारले. मराठी घरांतून या संस्थेत गेलेली ही वाट पुढे रुंद झाली असती का, असा प्रश्न मला राहून राहून पडतो.

संस्थेचं नियतकालिक 1886 मध्ये सुरू झालं. त्यात ‘किरकोळ टिपणं’ असं एक सदर असायचं, ते माझं सगळ्यात आवडतं. अधिकारी, मळेवाले, लष्करी माणसं पत्र लिहून कळवायची : अमुक ठिकाणी असं पाहिलं. पण हीसुद्धा पत्रं लिहिली जायची ती काहीतरी चमत्कारिक दिसलं म्हणून. पांढरा कावळा दिसला तर माणूस पत्र लिहितो. काळे दोनशे दिसले तर कोण लिहितो?

म्हणूनच एका दहाएक वर्षांच्या मुलाचं टिपण मला फार मोलाचं वाटतं. हा मुलगा म्हणजे सालिम अली. 1908 मध्ये त्यांनी पिवळ्या कंठाची चिमणी मारली, ती ओळखायला बीएनएचएसमध्ये नेली आणि तिथे मिलर्ड साहेबांनी त्यांना पक्ष्यांच्या जगात ओढलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पण त्याआधीची नोंद साध्या घरचिमणीची आहे. तबेल्यात घरटं, आत मादी, बाहेर खिळ्यावर नर. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. सात दिवसांत आठ नर मेले, आणि दर वेळी नवा हजर. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण नोंद म्हणून पाहा : जागा, दिवस, आकडा, काय झालं ते. आणि त्यातून काय निघतं? एका तबेल्याभोवती आठवडाभरात आठ नर पुरवण्याइतक्या चिमण्या होत्या. ‘किती असायच्या’ या प्रश्नाला इतकं थेट उत्तर क्वचितच मिळतं.

अशी नोंद नसली तर काय होतं, ते गिधाडांनी दाखवलं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड हा एकेकाळी जगातल्या सर्वांत मुबलक मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक समजला जायचा. गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं यायची. मुंबईत मलबार हिलवरची पारशांची डुंगरवाडी त्यांच्याच भरवशावर चालायची. इतकी होती की मोजायची कल्पनाच कोणाला फारशी आली नाही. 1990 च्या दशकात ती भराभर मरायला लागली. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करता आलं, कारण सुदैवाने मोजके आकडे शिल्लक होते : भरतपूरच्या केवलादेवमध्ये विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात केलेली मोजणी, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांवरून फिरत केलेली शिकारी पक्ष्यांची पाहणी. त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजल्यावर दिसलं की 1992 ते 2007 या काळात हजारातलं एक गिधाड उरलं. कारण 2004 मध्ये प्रसिद्ध झालं : गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मुद्दा असा, की ती जुनी मोजणी गिधाडांना वाचवायला केलेलीच नव्हती. ती नसती तर आपल्याकडे फक्त “पूर्वी किती असायची!” एवढंच उरलं असतं, आणि त्या वाक्यावर कुठलंही सरकार औषध बंद करत नाही.

आता परत चिमणीकडे. 2020 मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. पंधरा हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांच्या एक कोटीच्या वर नोंदी त्यामागे होत्या. त्यात निघालं ते असं : देशभरात एकूण पाहता घरचिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झालीय. म्हणजे तुमची आजी बरोबर आहे, पण तिच्या शहरापुरती. हे गणित शक्य होतं ते एका साध्या नियमामुळे : यादी पूर्ण द्यायची. पंधरा मिनिटं खिडकीत उभे राहिलात तर ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे, कावळा आणि पारव्यासकट. कारण यादी पूर्ण असली तरच त्यात चिमणी नाही, यालाही अर्थ येतो.

अडचण 2000 सालाच्या आधीची आहे. तिथे नोंदी फार विरळ आहेत, आणि मराठी मुलखातल्या गावांच्या तर आणखी. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात आजोबांची रोजनिशी असेल, शेताच्या हिशोबाची वही असेल, एखाद्या शाळामास्तर काकांची निसर्गाची टिपणवही असेल, तर रद्दीत देण्याआधी एकदा चाळा. “आज पावशा ओरडला”, “टिटवीने बांधावर अंडी घातली”, “कोल्ह्याने कोंबडी नेली” अशी एखादी ओळ, शेजारी तारीख आणि गावाचं नाव. तेवढं पानाचा फोटो काढून जपून ठेवा आणि मला कळवा. अक्षर लागत नसलं तरी चालेल. मोडी असेल तर उत्तमच, ती मला वाचता येते.