लस गुणकारी, हे कशावरून?

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला आणि लोक रेल्वेने शहर सोडू लागले. कल्याण स्थानकावर उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. तपासणीत रोगी सापडत. रोग मात्र टळत नसे. त्याच सुमारास डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली.

लस घातक नाही, एवढेच यातून कळले. ती प्लेग टाळते हे कसे ठरवायचे? महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला. राजीखुशीने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस दिली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, दगावले कोणीच नाही.

पण पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असले तर? ही शंका रास्त आहे. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. घर तेच, अन्न तेच. फरक फक्त लसीचा. पुढे २८ घरांत प्लेग निघाला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६.

तुलनेची हीच रीत १२० वर्षांनी ठाणे जिल्ह्यात दिसते. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, नवी संयुग्मित लस ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना दिली. सार्वजनिक कार्यक्रमात ही लस देणारी ही जगातील पहिलीच मोहीम. पहिल्या टप्प्यात २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ घेतली, त्यामुळे उरलेल्या भागाशी तुलना करता आली. प्रत्येक ताप टायफॉइडचा नसतो; म्हणून रक्तात जंतू वाढवून निदान पक्के केले. लस दिलेल्या भागात रुग्ण कमी आढळले.

टायफॉइड दूषित पाण्याने व अन्नाने पसरतो. तेव्हा लस आली म्हणून स्वच्छ पाण्याची गरज संपत नाही. ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत पैसा कोठे खर्चावा, हे ठरवताना असा पुरावा उपयोगी पडतो.

आपण वर्गात उंढेऱ्याचे आकडे फळ्यावर लिहू या. दोन्ही गटांत शेकडा किती मृत्यू, हे मुलांना काढू द्यावे: सुमारे ४ आणि ४१. मग विचारावे, फक्त पहिलाच आकडा हाती असता, तर लसीबद्दल आपल्याला काय सांगता आले असते?